वाद्य-अ‍ॅम्प्लिफायरमधील जुन्या स्पीकरची निगा (ग्रामीण विदर्भ)

कीबोर्ड, ऑक्टोपॅड, बेंजो, गिटार इत्यादी वाद्यांच्या अ‍ॅम्प्लिफायरला जोडलेले किंवा त्याच पेटीत बसवलेले कागदी कोनाचे (शंकूच्या आकाराच्या पडद्याचे) स्पीकर जुने झाल्यावर ते तपासण्याची, डागडुजी करण्याची व नव्याने बांधण्याची पद्धत. विदर्भात झाडीपट्टीच्या नाटक मंडळ्या, भीमगीतांचे व कव्वालीचे संच, नागपूरकडील धुमाळ पार्ट्या आणि भजनी मंडळे यांच्याकडे असे स्पीकर दीर्घकाळ वापरात राहतात. मंडपवाल्यांचे भोंगे व डीजेचे बेस यांचा विचार येथे तुलनेपुरताच केला आहे.

उगम : चुंबकीय क्षेत्रात हलणाऱ्या कॉइलच्या (तारेच्या गुंडाळीच्या) कल्पनेचे श्रेय कोणाला द्यावे याविषयी मतभेद आहेत. व्हेर्नर सीमेन्स यांनी १८७४ मध्ये अशा रचनेचे अमेरिकन पेटंट घेतले, परंतु ऐकू येणाऱ्या ध्वनीसाठी त्यांनी तिचा उपयोग केला नाही. ऑलिव्हर लॉज यांचे ब्रिटिश पेटंट १८९८ चे. पीटर जेन्सन व एडविन प्रिडम यांनी कॅलिफोर्नियातील नापा येथे हलत्या कॉइलचा भोंगा तयार केला व १९१५ मध्ये त्याचे जाहीर प्रात्यक्षिक केले. काही लेखक येथूनच आरंभ धरतात. चेस्टर राइस व एडवर्ड केलॉग यांनी १९२५ मध्ये मांडलेला स्पीकर भोंग्याशिवाय थेट कोनातून आवाज देणारा होता आणि कोनाची स्वाभाविक कंप्रता त्यांनी वापरातील स्वरपट्ट्याच्या तळाशी ठेवली होती. वाद्य-अ‍ॅम्प्लिफायरचे दहा-बारा इंची स्पीकर याच कुळातले असल्याने या विषयापुरते १९२५ हे आरंभवर्ष धरणे अधिक सयुक्तिक दिसते.

चुंबकाचा इतिहास दुरुस्तीच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे. आरंभीच्या स्पीकरांत विद्युत् चुंबक असे. १९३० च्या दशकात अल्निको हे कोबाल्टयुक्त मिश्रधातूचे कायम चुंबक आले. १९५० च्या दशकापासून फेराइट (लोह-ऑक्साइडयुक्त सिरॅमिक चुंबक) वापरात येऊ लागले. १९७८ च्या सुमारास झैरेतील (आताचे काँगो लोकशाही प्रजासत्ताक) संघर्षामुळे कोबाल्ट महागले, तेव्हा बहुतेक कारखान्यांनी अल्निको सोडले. अल्निकोचा स्पीकर चुंबक सुटा करून उघडला की त्याची ताकद घटते व पुन्हा चुंबकित करावे लागते. फेराइटची ताकद सहसा जात नाही, पण तो ठिसूळ असतो. टेम्पोतून पेटी पडली की चुंबक चिकटवलेल्या जागेवरून सरकतो, कॉइल ज्या फटीत हलते ती एका बाजूने बुजते आणि कॉइल जाम होते. मिस्त्री यालाच ‘मॅग्नेट सरकला’ म्हणतात. अशा स्पीकरवर खेड्यात वेळ घालवण्यात अर्थ नाही.

जुने होण्याची कारणे : गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा व गोंदिया भागांत नाटकांचा हंगाम साधारण दिवाळीपासून होळीपर्यंत चालतो. नंतर पेट्या उन्हाळ्यात पत्र्याखाली व पावसाळ्यात बंद खोलीत पडून राहतात. वापरापेक्षा हा पडून राहण्याचा काळच स्पीकरला अधिक भोवतो, असे मानण्यास जागा आहे. चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे पारा ४५ अंशांच्या वर जातो, तेव्हा डिंक व चिकट थर कोरडे पडतात. पावसाळ्यात कागद ओल धरतो, त्याला बुरशी येते. उघड्या पाठीच्या पेटीत उंदीर शिरतात, कुंभारमाशी मातीचे घर करते. डस्ट कॅप (कोनाच्या मध्यावरची टोपी) फाटली असेल आणि स्पीकर मातीवर ठेवला, तर मातीतील लोहकण फटीत शिरून चिकटतात. फुंकर मारून ते निघत नाहीत. चिकटपट्टीच्या टोकाने काढावे लागतात. घरगुती स्पीकरांचे फोमचे काठ काही वर्षांत भुगा होतात. गिटारच्या स्पीकरचा काठ बहुधा चुणीदार कागदाचा वा कापडाचा असल्याने तो टिकतो.

तपासणी : आठ ओहमचा स्पीकर मल्टिमीटरवर साधारण सहा ते साडेसहा ओहम दाखवतो. मीटर काहीच दाखवत नसेल तर कॉइल जळालेली, नाहीतर कोनापासून टर्मिनलपर्यंतची विणलेली तार हलून हलून तुटलेली. दुसरी शक्यता आधी पाहावी, कारण ती टाक्याने सुटते. दोन्ही हातांची बोटे कोनावर समान टेकवून कोन हलकेच दाबावा. खरखर आली तर कॉइल घासते आहे.

दुरुस्ती : कोनाची लहान चीर पातळ टिश्यू कागद व पाणी घातलेला फेविकॉल यांनी जोडतात. फेविक्विकने जोडलेली जागा कडक होते आणि तिच्याच कडेने पुन्हा फाटते. नवा कोन घालताना आधी फट साफ करतात, मग कॉइल व मधला लोखंडी खांब यांच्यात जुन्या एक्स-रे फिल्मच्या पट्ट्या सारून कॉइल मधोमध धरतात. त्यानंतर स्पायडर (कॉइल मधोमध धरणारी चुणीदार चकती) व कोनाचा काठ चिकटवतात. चिकटवण वाळल्यावर पट्ट्या ओढून घेतात आणि डस्ट कॅप शेवटी बसवतात. वाळण्याआधी पट्ट्या काढण्याची घाई झाली, तर सगळे काम वाया जाते. नव्या कोनाने आवाज बदलतो, कारण गिटारच्या स्पीकरमध्ये कोनाचे मोडते कंपन (त्याचे भाग वेगवेगळे थरथरणे) हाच स्वराचा भाग असतो. म्हणून थोडक्यात भागत असेल तर मूळ कोन राखणे चांगले.

कॉइल कशाने जळते याविषयी दोन मते आहेत. लहान अ‍ॅम्प्लिफायर ताणल्यावर लहरीचे माथे कापले जातात व त्यात एकदिश प्रवाह येतो, म्हणून कॉइल जळते, हे मिस्त्रींत रूढ मत आहे. समान शिखराच्या चौकोनी लहरीत साइन लहरीच्या दुप्पट शक्ती असते, हे ध्यानात घेता सरासरी शक्ती वाढणे हेच कारण अधिक पटते. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.४ टक्के वाढतो. तापलेली कॉइल आवाज कमी देते, वाजवणारा आवाज आणखी वाढवतो. ऑक्टोपॅडचा खालचा ठोका गिटारच्या स्पीकरवर घेतल्यास कॉइल फटीबाहेर फेकली जाते, तो दोष निराळा. भोंग्याची १०० व्होल्टची लाइन चुकून आठ ओहमच्या स्पीकरला लागली, तर तो लगेच जातो.

ही कारागिरी हाताखाली शिकली जाते. कोन, कॉइल व स्पायडर बव्हंशी नागपूर, अमरावती, अकोला येथील बाजारांतून येतात. व्हॉल्व्हचा जुना अ‍ॅम्प्लिफायर स्पीकर काढून चालू करू नये, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो. ट्रान्झिस्टरच्या मशीनला मोकळी तार चालते, शॉर्ट चालत नाही.