आकाशदर्शन रात्रीचा अर्ज नेमका कुठे अडतो

वेधशाळेतल्या सार्वजनिक आकाशदर्शनाला यायला खगोलशास्त्र यावं लागत नाही, स्वतःची दुर्बीणही लागत नाही. वयाची अट असेल तेवढी पाळायची आणि जागा शिल्लक हवी. तरीही फाटकावरून माणसं परत जाताना मी कितीदा पाहिलंय, आणि कारणं दर वेळी तीच असतात.

पहिलं कारण तारीख. सत्र रात्री साडेबाराचं असेल तर ते दुसऱ्या तारखेत मोडतं. म्हणजे 14 ला जेवून घरातून निघायचं आणि अर्जावर 15 लिहायची. पोचपावतीवर 15 वाचून लोक 15 च्या संध्याकाळी येतात, तोवर सत्र संपून गेलेलं असतं. मुदतीचंही तेच. ‘10 तारीख, 00:00’ असं छापलं असेल तर मुदत 9 ची रात्र संपताच संपते. हे सरळ शब्दांत छापायला कार्यालयांना इतकं जड का जातं, कळत नाही.

रात्र निवडतानाही चंद्र बघा. 25 लाख प्रकाशवर्षांवरची देवयानी दीर्घिका पौर्णिमेच्या उजेडात जवळजवळ पुसली जाते, तिच्यासाठी अमावास्येच्या आसपासची रात्र मागा. चंद्रच बघायचा असेल तर शुद्ध अष्टमीच्या सुमाराला या. तेव्हा उजेड-अंधाराच्या सीमेवर विवरांच्या सावल्या लांब पडतात आणि खोली डोळ्यांना जाणवते. गुरूचे चार मोठे चंद्र किंवा शनीची कडी यांना चांदण्याने फारसा फरक पडत नाही.

‘पर्यायी तारीख’ हा रकाना ऐच्छिक असतो, म्हणून बहुतेक जण तो रिकामा सोडतात. कृपा करून भरा. ढग आले की सत्र रद्द होतं आणि दुसरी तारीख दिलेल्यांना हलवणं सोपं जातं. ती तारीख दोन-तीन दिवसांतली द्या, नाहीतर साधारण 29 दिवसांनंतरची, म्हणजे चंद्राची कला तीच मिळेल. आठवड्यानंतरची दिलीत, तर अमावास्या मागून अष्टमीचा चंद्र पदरात पडतो.

आता सर्वांत जास्त अडवणारा कागद: अल्पवयीन मुलांचं संमतीपत्र. सही आई, वडील किंवा कायदेशीर पालकांचीच लागते. मामा, काका, शेजारी, शिकवणीच्या बाई यांचं नाव ‘सोबत येणारी प्रौढ व्यक्ती’ या वेगळ्या रकान्यात जातं. एकदा मामाबरोबर दहा-अकरा वर्षांची मुलगी आली होती. वहीत पेन्सिलीने मृग नक्षत्र काढून आणलेलं, त्रिकांडाचे तीन तारे गिरवून ठळक केलेले. वडील फोनवर ‘जाऊ द्या तिला’ म्हणत होते, पण सहीचा कागद नव्हता. ती वही छातीशी धरून परत गेली. फोनवरची संमती चालत नाही, ही ओळ अर्जाच्या पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरांत हवी. ती येईपर्यंत तुम्ही सहीचा कागद आदल्या दिवशीच पिशवीत ठेवा.

ओळखपत्रावर जसं नाव आहे तसंच अर्जात लिहा आणि मूळ ओळखपत्र सोबत आणा. शाळेचा गट असेल तर संस्थेच्या लेटरहेडवर नावांची यादी जोडा.

उशिरा आलेल्यांना बऱ्याच ठिकाणी आत घेत नाहीत, आणि इथे मी वेधशाळेच्या बाजूने आहे. डोळे अंधाराला सरावायला 20 ते 30 मिनिटं लागतात. दार उघडून एकाने मोबाइलचा दिवा पाडला की सगळ्यांची ती मिनिटं वाया जातात. घुमटही गरम ठेवत नाहीत, कारण उबदार हवेच्या लाटांनी दुर्बिणीतली प्रतिमा थरथरते. तेव्हा अंगावर घ्यायला काहीतरी आणाच.

गुडघे दुखत असतील किंवा चाकाची खुर्ची असेल तर ‘विशेष गरज’ या रकान्यात आधीच लिहा. मोठ्या दुर्बिणीची नेत्रिका, म्हणजे डोळा लावायचं भिंग, पुष्कळदा शिडीवर चढून गाठावी लागते. वयस्कर माणसं संकोचाने हे लिहीत नाहीत आणि मग शिडीखालून वर बघत उभी राहतात. आधी कळलं तर त्यांच्यासाठी खाली एखादी लहान दुर्बीण लावता येते.