आठवं मत आलं कुठून?

पवित्र रोमन साम्राज्याचा, म्हणजे मुख्यतः जर्मन प्रदेशांच्या साम्राज्याचा, सम्राट निवडणारे सात इलेक्टर (मताधिकारी) १३५६ च्या गोल्डन बुल या शाही फर्मानाने कायम केले. त्याआधी १२५७ मध्ये एकाच गादीसाठी एक इंग्रज आणि एक स्पेनमधल्या कास्तीलचा असे दोन राजे निवडले गेले होते. तो घोळ पुन्हा नको म्हणून बहुमत प्रमाण ठरलं. तीस दिवसांत निवड झाली नाही, तर इलेक्टरांना फक्त पाव आणि पाणी! पण पुढच्या भांडणाचं मूळ दुसऱ्याच कलमात आहे. सातांपैकी तीन आर्चबिशप, म्हणजे वरिष्ठ धर्मगुरू होते; ते सोडून बाकीच्यांचं मत प्रदेशाला जोडलेलं आणि थोरल्या मुलाकडे जाणारं होतं, थोडक्यात, वतनच.

धर्मसुधारणेनंतर तीन आर्चबिशप कॅथलिक, तर पॅलॅटिनेट, सॅक्सनी, ब्रांडेनबुर्ग प्रोटेस्टंट. सातवं मत बोहेमियाचं (आजचा चेक प्रदेश), म्हणजे तिथे राज्य करणाऱ्या ऑस्ट्रियाच्या हाब्सबुर्ग घराण्याचं. ऑगस्ट १६१९ मध्ये बोहेमियाच्या बंडखोरांनी आपल्या हाब्सबुर्ग राजाला पदच्युत करून पॅलॅटिनेटच्या इलेक्टरला राजा निवडलं. लगोलग २८ ऑगस्टला त्या पदच्युत राजाने फ्रँकफर्टमध्ये बोहेमियाचं मत स्वतःलाच टाकलं आणि तो सम्राट झाला. गंमत म्हणजे पॅलॅटिनेटच्या वकिलानेही अखेर त्यालाच मत दिलं.

पुढच्या वर्षी प्रागजवळ बंड मोडलं. १६२३ मध्ये रेगेन्सबुर्गला सम्राटाने पॅलॅटिनेटचं इलेक्टरपद बव्हेरियाच्या ड्यूकला देऊन टाकलं. तसा शब्द त्याने आधीच गुपचूप दिला होता, कारण ड्यूकच्या फौजेशिवाय त्याचा निभाव लागला नसता. जुना इलेक्टर बंडखोर होता, मान्य. पण त्याच्या मुलांनी, भाऊबंदांनी काय केलं होतं? सॅक्सनी आणि ब्रांडेनबुर्ग तर नाराज होतेच, कॅथलिक स्पेनचा वकीलसुद्धा समारंभाला फिरकला नाही. आधी ‘ड्यूकच्या हयातीपुरतं’ म्हणून दिलेलं पद १६२८ मध्ये वंशपरंपरागत झालं. कायद्याचा आव कितीही आणला, तरी ही लढाईची बिदागीच होती.

या बंडातून पेटलेलं तीस वर्षांचं युद्ध संपवणाऱ्या १६४८ च्या वेस्टफालियाच्या तहात कोणालाच दुखवायचं नव्हतं. जुनं मत आणि मान बव्हेरियाकडेच राहिला. पॅलॅटिनेटच्या जुन्या इलेक्टरच्या मुलासाठी नवं, आठवं मत काढलं. बव्हेरियाचा वंश खुंटला तर ते रद्द व्हायचं होतं, आणि १७७७ मध्ये तसंच झालं. मधल्या काळात सम्राटाने १६९२ मध्ये हानोवरला नववं मत दिलं. बाकीच्यांनी त्याला आत घ्यायला १७०८ उजाडलं.

नेपोलियनच्या दबावाखाली १८०३ मध्ये कोलोन आणि ट्रियर या दोन आर्चबिशपांची इलेक्टरपदं गेली. वुर्टेम्बर्ग, बाडेन, हेसन-कासेल, साल्झबुर्ग हे नवे इलेक्टर आले. शेवटची निवडणूक १७९२ मध्येच होऊन गेली होती आणि १८०६ मध्ये साम्राज्यच संपलं. म्हणजे या चौघांना मत देण्याची वेळ कधी आलीच नाही. हेसन-कासेलवाले मात्र १८६६ पर्यंत इलेक्टर म्हणवून घेत राहिले.