सूर्य टिकलीएवढा का येतो?

पणजीजवळ मिरामारच्या वाळूत संध्याकाळी उभं राहिलं की समोर सूर्य असतो आणि मध्ये मोबाइल वर धरलेले हात. थोड्या वेळाने तेच लोक पडद्यावर बोटं ताणताना दिसतात. परातीएवढा तांबडा गोळा फोटोत टिकलीएवढा कसा झाला?

फोटो खरंच सांगत असतो. आकाशात सूर्य जेमतेम अर्धा अंश जागा व्यापतो. हात लांब करून करंगळी आडवी धरली तर तिच्या निम्म्या जाडीत मावतो. मोबाइलची नेहमीची लेन्स आडवं सुमारे ७० अंशांचं दृश्य टिपते. म्हणजे फोटोच्या रुंदीचा जवळपास १५०वा भाग सूर्याच्या वाट्याला. घोळ आपल्या बघण्यात आहे. डोळ्यांना अगदी स्पष्ट दिसतं ते मधल्या एक-दोन अंशांत. नजर सेकंदाला तीन-चार उड्या मारत दृश्य गोळा करते आणि ज्यात जीव अडकलाय तिथेच पुन्हा पुन्हा जाते. त्यात क्षितिजाजवळचा सूर्य मोठा भासतो. मोजला तर दुपारी होता तेवढाच.

मग झूम करायचं? नुसत्या झूमने सूर्याबरोबर माडही तेवढ्याच पटीने वाढतो आणि फ्रेमबाहेर जातो. दोघांचं आपसातलं माप बदलायचं तर पाय हलवावे लागतात. १० मीटर उंच माड १०० मीटरवरून पाहिला तर सूर्याच्या अकरापट उंच दिसतो. तोच एक किलोमीटरवरून पाहिला तर जवळपास सूर्याएवढा. आपण मागे सरकलो म्हणून सूर्याचं माप बदलत नाही, माडाचं मात्र दहापट कमी होतं. तेव्हा आधी मागे जायचं, मग झूम. लांब पल्ल्याची लेन्स असेल तर माडाच्या झावळ्या थेट बिंबावर उमटतात. (अशा लेन्समधून कॅमेऱ्याच्या काचेच्या खिडकीला, म्हणजे व्ह्यूफाइंडरला, डोळा लावून सूर्याकडे बघू नका, मागच्या पडद्यावर बघा.)

मोबाइलच्या पडद्यावर तिसऱ्या तिसऱ्या भागाच्या रेघा असतात, त्यांच्यावर लोकांचा फार विश्वास. क्षितिज मधोमध नको, एक-तृतीयांशावर ठेवा, हा नियम जॉन थॉमस स्मिथ या इंग्रज चित्रकाराने १७९७ साली निसर्गचित्रांसाठी लिहिला. छायाचित्रणाच्या जनकांपैकी एक असलेल्या दागेरची छायाचित्रं जगापुढे यायला अजून ४२ वर्षं होती. नियम वाईट नाही. पण क्षितिज फ्रेममध्ये किती उंचीवर ठेवायचं तेवढंच तो सांगतो. ते कुणाचा गळा कापतंय, याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

आणि गळे सर्रास कापले जातात. सपाट किनाऱ्यावर क्षितिजाची रेघ नेहमी कॅमेऱ्याच्या उंचीवरून जाते. कॅमेऱ्यापेक्षा उंच ते आकाशात डोकं काढतं, ठेंगणं ते पाण्यातच राहतं. रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढणारा माणूस तुमच्याच उंचीचा असेल आणि तुम्ही मोबाइल गळ्याशी धरला असेल, तर तो वीस पावलांवर असो की दोनशे, समुद्राची रेघ त्याच्या गळ्यावरूनच जाणार. पुढे-मागे होऊन काही उपयोग नाही. वाळूत बसकण मारा. रेघ त्याच्या मांड्यांवर उतरते आणि वाकलेली पाठ, ताणलेले हात, दोर, सगळं उजळ आकाशावर सुटं दिसतं. कपडे भरतात, इलाज नाही.

पावसाळ्यात मी दर्या सोडून मांडवीतल्या दिवाडी-चोडण बेटांकडच्या खाजनांत, म्हणजे खाऱ्या पाण्याला बांध घालून केलेल्या सखल शेतांत, जातो. तिथे बांध आहे, मानस (पाणी आत-बाहेर सोडायचं दार) आहे, मागे माडांची रांग, आणि शेतातल्या पाण्यात हे सगळं उलटं. उलटं असलं तरी ते हुबेहूब नसतं. पाण्यातलं प्रतिबिंब म्हणजे कॅमेरा जितका पाण्याच्या वर आहे, तितक्याच खोलीवरून वर पाहिल्यासारखं दृश्य. उभं राहून मोबाइल दीड मीटरवर धरला, तर दीड मीटर खालून पाहणाऱ्याच्या वाटेत बांध येतो आणि बांधामागचं घर पाण्यात दिसतच नाही. शिवाय सरळ खाली पाहिलं तर पाणी पडलेल्या उजेडातला जेमतेम २ टक्के परत पाठवतं, नजर तिरपी होत गेली की पुष्कळच जास्त.

म्हणून मी बांधावरून उतरून चिखलाशी बसतो आणि मोबाइल उलटा धरतो, म्हणजे लेन्स खालच्या टोकाला येते, पाण्यापासून वीतभर. पलीकडचा बांध दहा-बारा पावलांवर असला, तर पाण्यातल्या बांधाच्या कडेखाली आधी काहीच नसतं. हात खाली जाईल तसं तिथे मागच्या घराचं कौलारू आढं उगवायला लागतं.