ठकनायक (किशोर कादंबरी)

खोटे नाव सांगून, सोंग वठवून लोकांना गंडा घालणारे किशोरवयीन मुख्य पात्र. मराठीत भामटा आणि तोतया हे शब्द सर्रास एकमेकांच्या जागी येतात. पण भामटा वस्तू घेऊन पसार होतो, तोतया दुसऱ्याची जागाच बळकावतो. ठकनायकाला दोन्ही जमावे लागते. इंग्रजीतला फसवणुकीसाठीचा ‘कॉन’ हा शब्द ‘कॉन्फिडन्स’चा, म्हणजे विश्वासाचा तुकडा. न्यूयॉर्कमध्ये १८४९ साली पकडलेला विल्यम थॉम्पसन अनोळखी माणसाशी गप्पा मारून विचारी, उद्यापर्यंत तुमचे घड्याळ माझ्याकडे ठेवण्याइतका विश्वास आहे ना? लोक घड्याळ काढून देत.

या पात्राचा पूर्वज स्पेनमधला. १५५४ मध्ये निनावी प्रसिद्ध झालेल्या ‘लाझारिल्यो दे तोर्मेस’ या कादंबरीत लाझारो नावाचा पोरगा आंधळ्या मालकाची वाइन चोरतो. सुरईच्या बुडाला बारीक भोक, त्यावर मेण. शेकोटीपाशी बसले की मेण वितळते आणि धार थेट तोंडात. म्हातारा भोक चाचपतो, अवाक्षर काढत नाही, आणि दुसऱ्या दिवशी तीच सुरई पोराच्या तोंडावर आदळतो. लाझारो भुकेपोटी फसवतो, स्वतःचे नाव मात्र लपवत नाही. आजच्या ठकनायकाचे सगळे भांडवलच नाव.

‘मी कोण’ याचा शोध हे किशोरवयाचे मुख्य काम, अशी मांडणी मानसशास्त्रज्ञ एरिक एरिक्सन यांनी केली. गंमत म्हणजे त्यांना स्वतःला जन्मदात्या वडिलांचे नाव कधीच कळले नाही. ते सावत्र वडिलांचे होम्बुर्गर हे आडनाव लावत. ‘एरिक्सन’ त्यांनी अमेरिकेत गेल्यावर घेतले. एरवी मुले कपडे, अक्षर, बोलण्याची ढब बदलून पाहतात. ठकनायक हेच करतो, फक्त त्याची किंमत दुसरा कुणी मोजतो.

अशी कादंबरी बहुधा प्रथमपुरुषी असते, कारण मग वाचकही सावज होतो. तिसऱ्या प्रकरणात डोळे पुसायला लावणारी आईची आठवण नवव्या प्रकरणात थाप निघाली, की मागची पाने पुन्हा चाळावी लागतात. लेखक बहुतेक फसतात ते शेवटाला: पोलीस येतात, हरवलेला बाप भेटतो, पोरगा एका रात्रीत शहाणा होतो. त्यापेक्षा जमलेला प्रसंग असा, की कुणी मागून त्याला खऱ्या नावाने हाक मारते आणि त्याची मान वळतच नाही.