ट्रान्सफॉर्मर्स: नेमका कुठला इतिहास खरा?

ट्रान्सफॉर्मर्स, म्हणजे वाहनांचं किंवा वस्तूंचं रूप घेणारे रोबो, यांच्या विश्वातल्या कन्स्ट्रक्टिकॉन्स नावाच्या टोळीला कोणी घडवलं? १९८४ ते १९८७ या काळात चाललेल्या मूळ अमेरिकी कार्टूनमध्येच या प्रश्नाची तीन उत्तरं आहेत. एका भागात खलनायकांचा म्होरक्या मेगाट्रॉन सांगतो की त्याने त्यांना पृथ्वीवरच्या गुहांमध्ये तयार केलं. दुसऱ्या भागात ते फार पूर्वीपासून सायबरट्रॉन या रोबोंच्या ग्रहावर असतात, ओमेगा सुप्रीम या रोबोचे जिवलग असतात आणि मेगाट्रॉन त्यांची बुद्धी फिरवून त्यांना आपल्या बाजूला ओढतो. तिसऱ्या ठिकाणी तर हेच कन्स्ट्रक्टिकॉन्स मेगाट्रॉनला घडवताना दिसतात. सगळं ट्रान्सफॉर्मर्स एका सलग रेषेत बसवायला निघालेला नवा चाहता इथेच अडतो आणि आपल्याकडून काहीतरी बघायचं राहिलंय असं समजतो. त्याचं काहीही राहिलेलं नसतं. या गोंधळाचं मूळ कथेत नसून खेळण्यांमध्ये आहे.

जपानच्या टाकारा कंपनीची १९८० पासून ‘डायाक्लोन’ नावाची खेळणी होती. त्यात मोटारी, ट्रक आणि विमानं रोबो व्हायची आणि आत बसायला इवलासा चालक असायचा. १९८३ मध्ये ‘मायक्रो चेंज’ आली. तिची कल्पना वेगळी होती. कॅसेट, पिस्तूल, कॅमेरा अशा घरातल्या वस्तू साधारण खऱ्या आकारातच रोबो व्हायच्या. अमेरिकेच्या हॅस्ब्रोने दोन्हींचे साचे घेतले आणि एकाच नावाखाली विकायला काढले. नायकांचा म्होरक्या ऑप्टिमस प्राइम डायाक्लोनमधून आला, मेगाट्रॉन मायक्रो चेंजमधून. म्हणूनच ट्रकएवढ्या ऑप्टिमसशी दोन हात करणारा मेगाट्रॉन पिस्तूल झाला की दुसऱ्या रोबोच्या मुठीत मावतो. कार्टूनने याचं कारण कधी धड दिलं नाही, आणि ते देण्यासारखं नव्हतंही.

खेळणी आली, पण त्यांना नावं नव्हती की गोष्ट नव्हती. ते काम मार्व्हल कॉमिक्सकडे गेलं. जिम शूटर यांनी ऑटोबॉट (नायक) आणि डिसेप्टिकॉन (खलनायक) यांच्या युद्धाचा मूळ आराखडा लिहिला, ऑप्टिमस प्राइम हे नाव डेनी ओनील यांनी सुचवलं, आणि बाकीची बहुतेक नावं आणि स्वभाव बॉब बुडियान्स्की यांनी तयार केले. प्रत्येक पात्रावर एकेक छोटं टिपण. या सबंध विश्वाचा पाया कुठला असेल, तर माझ्या मते तो हाच आहे. मेगाट्रॉनच्या साथीदारांपैकी स्टारस्क्रीमचा कपटीपणा आणि साउंडवेव्हचा थंडपणा तिथूनच येतो, आणि नंतर कथा कितीही बदलल्या तरी हे स्वभाव फारसे हलले नाहीत.

त्याच टिपणांवरून दोन कथा एकाच वेळी निघाल्या. सप्टेंबर १९८४ ची तारीख असलेला कॉमिकचा पहिला अंक चार अंकांच्या मालिकेसाठी होता. ती वाढत वाढत ८० अंकांपर्यंत, १९९१ पर्यंत चालली. कार्टून १७ सप्टेंबर १९८४ ला सुरू झालं. चाळीस लाख वर्षांपूर्वी जहाज पृथ्वीवर कोसळलं आणि रोबो १९८४ मध्ये जागे झाले, इतपत दोघांचं एकमत. पुढे दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या, आणि त्या जुळवत राहणं हे कोणाचंच काम नव्हतं. विमान होणारा जेटफायर हे याचं सगळ्यात बोलकं उदाहरण. कॉमिकमध्ये डिसेप्टिकॉन त्याला पृथ्वीवर तयार करतात. कार्टूनमध्ये मात्र तो स्टारस्क्रीमचा जुना शास्त्रज्ञ मित्र, लाखो वर्षं बर्फात गाडला गेलेला, आणि त्याचं नावही स्कायफायर. हा फरक खेळण्यामुळे पडला. त्याचा साचा टाकाराचा नव्हताच. ते ‘मॅक्रॉस’ या दुसऱ्याच मालिकेतलं विमान होतं, त्यामुळे पडद्यावर त्याचं रूप आणि नाव बदलावं लागलं. सृष्टीच्या आरंभाबद्दलही हेच. कार्टूनमध्ये ट्रान्सफॉर्मर्स हे क्विंटेसन्स नावाच्या व्यापाऱ्यांनी बनवलेलं यंत्र, तर कॉमिकमध्ये सायमन फर्मन यांनी त्यांना प्रायमस नावाचा देव दिला.

१९८६ च्या चित्रपटाने कथा थेट २००५ मध्ये नेली आणि ऑप्टिमससकट जुनी पात्रं मारून टाकली, कारण दुकानात नव्या खेळण्यांना जागा हवी होती. जपानमध्ये तो चित्रपट तेव्हा दाखवलाच गेला नाही. तिथल्या मुलांसाठी पुढचा सीझन ‘२०१०’ या नावाने आला, म्हणजे अमेरिकेत २००६ मध्ये घडणारी गोष्ट चार वर्षं पुढे सरकली, आणि कॉन्व्हॉय (ऑप्टिमसचं जपानी नाव) पडद्याआड कधीतरी मेलेला. त्याला कोणी मारलं, या रहस्यावर तिथे एक व्हिडिओ गेमसुद्धा निघाला. १९८७ मध्ये अमेरिकी कार्टून तीन भागांच्या शेवटाने बंद पडलं. जपानने ते तीन भाग बाजूला ठेवून स्वतःची ‘हेडमास्टर्स’ मालिका काढली आणि पुढे आणखी मालिका जोडल्या. अमेरिकेत रोबोंची डोकी होणारे हेडमास्टर्स परग्रहावरचे माणसासारखे जीव होते, जपानमध्ये ते स्वतःच छोटे रोबो झाले. इथून एकच मालिका दोन देशांत दोन वेगळ्या भविष्यांकडे जाते. कुठलं खरं हे विचारण्यात अर्थ नाही. दोन्ही तितकीच अधिकृत आहेत.

हा सगळा पसारा कथेच्या ताकदीने सावरायचा सर्वात चांगला प्रयत्न १९९६ च्या ‘बीस्ट वॉर्स’ने केला, असं मी ठामपणे म्हणेन. कॅनडातल्या मेनफ्रेम कंपनीने संगणकावर केलेली ही मालिका, कथा-संपादक बॉब फॉरवर्ड आणि लॅरी डिटिलिओ. सुरुवातीला वाटतं, हे सगळं जुन्याशी संबंध नसलेलं आहे. मग तो अनोळखी ग्रह प्राचीन पृथ्वी निघतो, आणि दुसऱ्या सीझनच्या शेवटी जुन्या खलनायकाचं नाव घेतलेला नवा मेगाट्रॉन त्या कोसळलेल्या जहाजात शिरून झोपलेल्या ऑप्टिमस प्राइमच्या डोक्यावर गोळी झाडतो. इतिहासच पुसायचा त्याचा डाव. लेखकांनी स्टारस्क्रीमचा मृत्यू चित्रपटातून घेतला आणि प्रायमस कॉमिकमधून, पण दोघांपैकी एकालाच प्रमाण मानायची सक्ती कुणावर केली नाही. भूतकाळाची आठवण हवी तेवढीच उजळायची आणि उरलेलं अंधारात राहू द्यायचं, ही त्यांची रीत मला आजही सर्वात शहाणी वाटते.

२००० नंतर नवी सुरुवात करणं हीच पद्धत झाली. त्यातही गुंते झालेच. २००५ ची ‘गॅलक्सी फोर्स’ जपानमध्ये आधीच्या दोन मालिकांपासून अलग म्हणून बनली. अमेरिकेत डबिंग करताना संवाद बदलून तिला त्याच कथेचा तिसरा टप्पा केलं गेलं. याच दशकात चाहत्यांच्या अधिकृत क्लबने प्रत्येक विश्वाला सांकेतिक नाव द्यायला सुरुवात केली. मूळ कार्टून ‘प्रायमॅक्स ९८४.१७ अल्फा’ झालं. आकड्यात पहिल्या प्रसारणाची तारीख दडलेली आहे: नववा महिना, ८४ साल, १७ तारीख. यादी म्हणून ही कल्पना सुरेख होती. पण तिला जोडून आलेला एक सिद्धांत, की प्रायमस आणि ग्रह गिळणारा युनिक्रॉन सगळ्या विश्वांत एकच आहेत, लेखकांच्या पायांत बेडी झाला. एका कथेत युनिक्रॉन मेला तर दुसरीकडे तो कसा, याचे खुलासे संपेनात. अखेर २०१५ मध्ये कथेतूनच तो सिद्धांत मोडीत काढला गेला.

२०१० मध्ये हॅस्ब्रोने स्वतः गेम, कादंबरी आणि ‘प्राइम’ ही टीव्ही मालिका एकाच विश्वात गुंफून पाहिली. तपशील लवकरच जुळेनासे झाले. चित्रपटांचंही तसंच. २०१७ च्या ‘द लास्ट नाइट’मध्ये बम्बलबी दुसऱ्या महायुद्धात लढलेला आहे, आणि पुढच्याच वर्षीच्या ‘बम्बलबी’त तो १९८७ मध्ये पहिल्यांदा पृथ्वीवर येतो. ‘द लास्ट नाइट’मध्ये पृथ्वी हीच युनिक्रॉन आहे, २०२३ च्या ‘राइज ऑफ द बीस्ट्स’मध्ये युनिक्रॉन अंतराळात ग्रह गिळत फिरतो.

म्हणून चाहत्यांनी स्वतःची एक रीत घडवली: आधी कंटिन्युइटी (म्हणजे कुठलं कथाविश्व) विचारायची, मग प्रश्न. मूळ कार्टून एका कुळातलं, दिग्दर्शक मायकेल बे यांचे चित्रपट दुसऱ्या, ‘प्राइम’ तिसऱ्या. ही विभागणी कंपनीने नव्हे, चाहत्यांनी केली आहे, आणि ती कुठल्याही अधिकृत तक्त्यापेक्षा जास्त उपयोगी पडते. ऑप्टिमस प्राइम होण्यापूर्वीच्या ओरायन पॅक्सचंच घ्या. तो गोदीत काम करत असेल, तर तुम्ही १९८५ चं मूळ कार्टून पाहताय. दप्तरखान्यात बसत असेल तर ‘प्राइम’, पोलीस अधिकारी असेल तर २००५ ला सुरू झालेली आयडीडब्ल्यू या प्रकाशनाची कॉमिक्स, आणि खाणीत राबत असेल तर २०२४ चा ‘ट्रान्सफॉर्मर्स वन’.