युव्हिआयटिसमागचा जंतू कसा ओळखतात? तपासण्यांची पार्श्वभूमी

युव्हिआयटिस, म्हणजे डोळ्याच्या आतल्या थरांचा दाह, जंतूंमुळे होतो तसाच शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःवरच उलटल्यामुळेही होतो. तपासताना दोन्ही बऱ्याचदा सारखेच दिसतात, उपचार मात्र अगदी उलटे. नागिणीचा विषाणू दृष्टिपटल पोखरत असताना नुसते स्टिरॉइड दिले, तर विषाणूला रान मोकळे मिळते आणि थोड्या दिवसांत दृष्टी जाऊ शकते. खरी अडचण नमुन्याची आहे. पारदर्शक पटल आणि बुबुळ यांच्यामधल्या कप्प्यात जेमतेम पाव मिलिलिटर ॲक्वियस द्रव असतो; त्यातला ०.१ ते ०.२ मिलिलिटर काढता येतो. तेवढ्यात भागवायचे, या धडपडीतूनच या तपासण्या घडत गेल्या.

सुरुवातीला डोळ्यातला द्रव कोणी तपासतच नव्हते. १९०६ मध्ये उपदंशासाठी वासरमन चाचणी आली, पाठोपाठ क्षयासाठी ट्युबरक्युलिनची त्वचाचाचणी आली आणि कारण न सापडलेला बहुतेक युव्हिआयटिस या दोन रोगांच्या खात्यावर जमा होऊ लागला. हा समज मोडला तो १९५२ मध्ये. अमेरिकेतल्या हेलेनॉर वाइल्डर यांनी काढून टाकलेल्या डोळ्यांचे जुने काप पुन्हा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. क्षय किंवा उपदंश म्हणून नोंदलेल्या ५३ डोळ्यांच्या दृष्टिपटलात त्यांना टॉक्सोप्लाझ्मा हा परजीवी दिसला. आमच्या मते या विषयातला हा सर्वांत मोठा धडा आहे: रक्ताची चाचणी सकारात्मक आली म्हणजे डोळ्यातला रोग तोच, असे होत नाही.

टॉक्सोप्लाझ्माची रक्तातली अँटिबॉडी ओळखणारी सेबिन-फेल्डमन चाचणी १९४८ पासून उपलब्ध होती. पण हा संसर्ग असंख्य निरोगी माणसांना कधी ना कधी होऊन गेलेला असतो, त्यामुळे त्यांच्याही रक्तात ती अँटिबॉडी सापडते. शिवाय दाहामुळे डोळ्यातल्या रक्तवाहिन्या पाझरू लागतात आणि रक्तातली अँटिबॉडी ॲक्वियसमध्ये उतरते. मग डोळ्यात सापडलेली अँटिबॉडी तिथे तयार झाली की बाहेरून आली, हे कसे ठरवायचे?

हा गुंता स्वित्झर्लंडच्या गोल्डमन आणि विटमर यांनी १९५४ मध्ये सोडवला. डोळ्यातली त्या जंतूविरुद्धची विशिष्ट अँटिबॉडी भागिले डोळ्यातले एकूण आयजीजी (अँटिबॉडींचा मुख्य प्रकार). तसाच भागाकार रक्तासाठी. मग पहिल्याला दुसऱ्याने भागायचे. समजा, ॲक्वियसमध्ये विशिष्ट अँटिबॉडी २० एकक आणि एकूण आयजीजी १० आहे, तर गुणोत्तर २. रक्तात २०० एकक आणि एकूण १०००, म्हणजे ०.२. गुणांक आला १०. नुसती पाझरलेली अँटिबॉडी असती तर तो १ च्या आसपास राहिला असता. ३ च्या वर गेला की अँटिबॉडी डोळ्यातच बनते आहे असे साधारणपणे धरतात. फ्रान्समध्ये देमाँ यांनी १९६० च्या दशकात ही पद्धत टॉक्सोप्लाझ्मासाठी रुळवली. रक्त मात्र ॲक्वियसबरोबरच घ्यावे लागते. ते राहून गेले तर गुणांक काढताच येत नाही. आजार सुरू होऊन आठवडा-दोन आठवडेच झाले असतील किंवा रुग्णाची प्रतिकारशक्ती क्षीण असेल, तर अँटिबॉडीच पुरेशी बनलेली नसते आणि निकाल फसवतो.

ती उणीव पीसीआरने, म्हणजे जंतूच्या जनुकीय साहित्याच्या असंख्य प्रती करून तो ओळखण्याच्या पद्धतीने, भरून काढली. १९८३ मध्ये कॅरी मलिस यांना ही कल्पना सुचली आणि १९९० च्या दशकात डोळ्यातल्या द्रवावर तिचा वापर वाढला. हर्पिस, नागीण, सायटोमेगॅलो यांचे विषाणू काही तासांत ओळखता येऊ लागले. पण इथेही ठेचा लागतात. ॲक्वियस आणि व्हिट्रियस (डोळ्याच्या मागच्या पोकळीतला जेलीसारखा द्रव) यांतच पीसीआरची अभिक्रिया अडवणारे घटक असू शकतात, आणि नमुन्यात रक्त मिसळले तर त्यातले हिमोग्लोबिनही तेच करते. म्हणून प्रत्येक नलिकेत अंतर्गत नियंत्रण, म्हणजे अभिक्रिया नीट चालली तर हमखास उमटणारा ओळखीचा डीएनए, हवेच. तेही उमटले नाही तर तो निकाल ‘नकारात्मक’ नव्हे, ‘अनिर्णित’ लिहायचा. व्हिट्रियस काढताना शस्त्रक्रियेचा सलाइन प्रवाह सुरू होण्याआधीचा, पातळ न झालेला नमुना आधी घ्यावा. आणि डोळ्यात जंतू थोडेच दिवस असतात. उशीर झाला की पीसीआर रिकामी येते आणि गुणांक बोलू लागतो.

याचे ठळक उदाहरण फुक्स युव्हिआयटिस. १९०६ मध्ये वर्णन झालेल्या या आजाराचे कारण जवळजवळ शतकभर अज्ञात होते. २००४ मध्ये अशा रुग्णांच्या ॲक्वियसमध्ये रुबेलाविरुद्धची (जर्मन गोवराच्या विषाणूविरुद्धची) अँटिबॉडी डोळ्यातच बनत असल्याचे दिसले. विषाणूचा आरएनए मात्र अनेकांत सापडत नाही. एकट्या पीसीआरवर विसंबून हा संबंध बहुधा निसटलाच असता.

जिवाणू आणि बुरशीसाठी कल्चरची, म्हणजे नमुन्यातले जंतू प्रयोगशाळेत वाढवून पाहण्याची, जागा अजून कायम आहे, तरी तिच्याही मर्यादा आहेत. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर डोळ्यात झालेल्या संसर्गावरचा अमेरिकेतला मोठा अभ्यास १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या ४२० रुग्णांपैकी सुमारे ६९ टक्क्यांतच जंतूची खात्रीशीर वाढ मिळाली. शस्त्रक्रियेनंतर कित्येक महिन्यांनी डोके वर काढणारा क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस हा जिवाणू प्राणवायूविना आणि सावकाश वाढतो. त्याची शंका असेल तर कल्चर किमान १४ दिवस ठेवावे, आणि तसे मागणीपत्रावर स्पष्ट लिहावे; नाहीतर पाचव्या दिवशी ‘वाढ नाही’ असा अहवाल हाती येतो.

कोणता जंतू शोधायचा हे आधी ठरवावे लागते, ही पीसीआरची आणि गुणांकाचीही अडचण. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात द्रवातले सगळेच जनुकीय साहित्य वाचले गेले आणि १६ वर्षे दोन्ही डोळ्यांच्या युव्हिआयटिसने त्रस्त असलेल्या रुग्णात रुबेलाचा विषाणू सापडला. मात्र या पद्धतीत त्वचेवरचे आणि रसायनांतले जंतूही वाचले जातात. म्हणून प्रत्येक वेळी नमुन्यासोबत शुद्ध पाण्याची नलिकाही त्याच सगळ्या टप्प्यांतून न्यावी लागते, आणि तिच्यातही तेवढ्याच प्रमाणात दिसलेला जंतू अहवालातून वगळावा लागतो.