मधमाश्या आणि मधवनस्पती, गोवा

गोव्यात आढळणाऱ्या मधमाश्या, त्यांना मकरंद व पराग पुरवणारी झाडेझुडपे आणि त्यांतून मिळणारा मध यांचा हा परिचय. मधाला इथे बोलीत ‘म्होंव’ म्हणतात.

हिरवागार म्हणून ओळखला जाणारा हा मुलूख मधमाशीला वर्षभर हिरवा लागत नाही. जून ते सप्टेंबरमध्ये सुमारे ३,००० मिमी पाऊस पडतो, सह्याद्रीच्या बाजूला त्याहून अधिक. मग डिसेंबर ते एप्रिल आभाळ जवळजवळ कोरडे. जांभ्या दगडाच्या सड्यावर, म्हणजे उघड्या खडकाळ पठारावर, पाणी थांबत नाही, मातीचा थरही बोटभर. त्यामुळे मार्चमधला सडा आणि घाटापलीकडचा विजापूरकडचा माळ यांत डोळ्यांना फारसा फरक दिसत नाही. माशीला मात्र तो कळतो. वर्षाला ४०० ते ७५० मिमी पावसाच्या निमशुष्क देशावर माशीचे दिवस पाऊस आणि त्यामागून येणाऱ्या पिकांशी बांधलेले असतात; करडई, सूर्यफूल, बोर, बाभूळ यांवर ती जगते आणि कडक उन्हाळ्यात तिचे हाल होतात. गोव्यात मध भरतो तो उन्हात आणि दुष्काळ पडतो तो पावसात. इथले मधमाशीपालन बाहेरच्या वेळापत्रकावर चालवले की फसते, त्याचे मूळ यात आहे.

जाती. पोळे करणाऱ्या तीन देशी जाती आणि डंख नसलेली एक बारीक माशी गोव्यात आढळते. आग्या ही सर्वांत मोठी. उंच झाडाची फांदी, कडा, पाण्याची टाकी किंवा इमारतीचा सज्जा अशा ठिकाणी ती उघड्यावर एकच मोठे पोळे लटकवते. ती फिरस्ती आहे: फुलोरा जिथे, तिथे तिचा मुक्काम. पावसाच्या तोंडावर पोळी रिकामी करून थवेच्या थवे निघून जातात आणि हंगाम आला की पुन्हा हजर होतात, पुष्कळदा त्याच झाडावर. फुलोरी माशी अगदी लहान. झुडपाच्या काटकीभोवती तळहाताएवढे पोळे बांधते. तिला कोरडी, उघडी जागा मानवते, म्हणून देशावरच्या माळरानात ती विशेष दिसते आणि गोव्यात सड्याच्या कडेच्या करवंदीच्या जाळ्यांत. तिचा मध चमचा-दोन चमचे, पण चवीला नामी. डंख नसलेली माशी भिंतीच्या भेगांत, झाडाच्या ढोलीत राहते आणि मेणात झाडांचा चीक मिसळून दाराशी छोटी नळी काढते. तिचा मध आंबटसर असतो.

पेटीत पाळली जाते ती सातेरी. ही अंधारात राहणारी माशी आहे. झाडाची ढोली, दगडांची सापट, जुने वारूळ, क्वचित बंद घरातले कपाट अशा जागी ती एकाशेजारी एक समांतर पोळी बांधते. वारुळाचा उल्लेख इथे उगीच नाही. गोव्याच्या गावोगावी पूजली जाणारी देवीही सातेरीच, आणि तिचे रूप म्हणजे ‘रोयण’, अर्थात वारूळ. दोन्ही नावांचा उगम एक मानण्याइतका पुरावा नाही, पण गावात दोन्ही सातेऱ्या एकाच आदराने उच्चारल्या जातात हे खरे. सातेरी स्वभावाने सौम्य, मात्र मानी. मुंग्यांनी त्रास दिला, मेणकिडा लागला, अन्न संपले किंवा पेटी वारंवार उघडली की ती घर सोडून जाते. पेटीच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवतात त्या मुंग्यांसाठी. वेडा राघू आणि गांधीलमाशी यांना मात्र वाटी अडवत नाही.

उन्हातला फुलोरा. दिवाळीच्या आसपास किंदळ (किंजळ) फुलतो आणि हंगामाची सुरुवात होते. त्याच्या पाठोपाठ रस्त्याकडेची रानमोडी पांढुरकी फुलते. शेतकऱ्याला नकोशी झालेली ही परदेशी तणवनस्पती माश्यांना डिसेंबर-जानेवारीत चांगला आधार देते. तण म्हणून तिला कितीही शिव्या दिल्या तरी पेटीजवळची रानमोडी काढताना मधपाळाचा हात जड होतो. पुढे सावर, पांगारा, पळस पाने गाळून फुलतात. मार्च-एप्रिलमध्ये जांभूळ, अंजनी, करवंद, कुंभा. सर्वांत जास्त मध याच दोन-तीन महिन्यांत भरतो. याच सुमारास खाडीकाठच्या खारफुटीलाही बहर येऊ लागतो. तिवर आणि काजळा ही तिथली मकरंदाची झाडे. सुंदरबनात ज्या ‘खालसी’ मधाचे एवढे नाव आहे, ते झाड म्हणजे हाच काजळा. मांडवीच्या काठी मात्र त्याचा मध वेगळा काढण्याची चाल रुजलेली नाही.

काजूविषयी थोडे सविस्तर सांगायला हवे. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलकडून आणलेल्या या झाडाने सड्यांचे उतार व्यापले आहेत. त्याच्या एका तुऱ्यात पुष्कळ नरफुले आणि थोडीच उभयलिंगी फुले असतात. बी धरते ती फक्त दुसऱ्या प्रकारात. पराग चिकट असल्यामुळे वारा तो फारसा वाहून नेत नाही, ते काम माश्या, मुंग्या आणि इतर कीटक करतात. २००९ साली भौगोलिक मानांकन मिळालेल्या काजूफेणीमागे भट्टीवाल्याइतकाच या बारीक कामकऱ्यांचाही हात आहे. तरीही मोहोराच्या दिवसांत काजूवर औषध फवारले जाते. फवारणी माश्या कामावर असलेल्या भर सकाळी केली, तर पेटीसमोर मेलेल्या माश्यांचा सडा पडतो. फवारायचेच असेल तर ते संध्याकाळी, आणि मोहोर पूर्ण उमलण्याच्या आधी.

पावसाची उपासमार आणि कुळागर. जूनमध्ये धार लागली की माशी दिवस-दिवस बाहेर पडू शकत नाही. फुलांतला मकरंद धुऊन जातो, पराग भिजतात, राणीची अंडी कमी होतात. या दिवसांत मधपाळ साखरेचा पाक देतो. जंगलातल्या वसाहतींना तो कोण देणार? पाऊस उघडेल त्या तासाभरात जे मिळेल तेच.

अशा वेळी कुळागराचे मोल कळते. फोंडा, सत्तरी, सांगे भागांत डोंगराच्या कुशीत, पाण्याच्या झऱ्याखाली माड, पोफळ, केळ, मिरी आणि भिरंड एकत्र वाढवलेली ही बाग. माडाला वर्षभर जवळजवळ महिन्याला एक पोय येते; तिच्यातली नरफुले आधी उमलतात आणि मादीफुले मागाहून, म्हणून एका पोयीचे पराग बहुधा दुसऱ्या माडाला उपयोगी पडतात. ही ने-आण वाराही करतो, पण माशीचा वाटा मोठा. केळफुलातही मकरंद सतत पाझरतो. जंगलात काहीच नसताना कुळागरात थोडे का होईना काही असते, म्हणून सातेरीच्या पेट्या पावसात टिकवायच्या तर त्या इथे, वळचणीला.

श्रावण-भाद्रपदात पावसाला खंड पडू लागतो आणि सड्याचे रूपच पालटते. बोटभर मातीवर गेंद, तेरडा, कवला, निळी सीतेची आसवे उगवतात. मोरडीवर, म्हणजे उंचावरच्या पावसाळी शेतात, तवशी, दोडके, चिबूड यांच्या वेली पसरलेल्या असतात. काकडीवर्गात नर आणि मादी फुले वेगळी, त्यामुळे माशी आली नाही तर फळ वाकडे धरते किंवा गळून पडते. चवथीच्या माटोळीला, म्हणजे गणपतीच्या वर फळाफुलांनी सजवलेल्या चौकटीला, टांगलेले तवसे हे अशा रीतीने पावसातल्या उघडिपीत केलेल्या कामाचे फळ असते. सत्तरीच्या घाटाकडे सात-आठ वर्षांनी एकदा कारवी फुलते. त्या वर्षीचा मध दाट आणि गडद.

मध. मधमाश्या मकरंदातले पाणी पंखांनी वारा घालून उडवतात आणि मध पिकला की कोठडीवर मेणाचे झाकण लावतात. कोरड्या प्रदेशात हे लवकर होते. समुद्राकाठच्या दमट हवेत झाकण लावलेल्या मधातही पाणी जास्त राहते. सातेरीच्या मधात ते बऱ्याचदा २० टक्क्यांवर जाते, आणि देशातील अन्नसुरक्षा नियमांची कमाल मर्यादा २० टक्केच आहे. पाणी जास्त असलेला मध काही महिन्यांत फसफसतो. बाटलीचे झाकण उडाले की ‘भेसळ’ म्हणून ओरड होते, पण दोष पुष्कळदा घाईचा असतो: झाकण न लागलेली पोळी काढल्याचा. तसेच, थंडीत मधाची साखर बनते म्हणून तो खोटा ठरत नाही. ग्लुकोज जास्त असलेला अस्सल मधही गोठतो.

पेटीतला मध मधयंत्रात चौकट फिरवून काढतात, त्यामुळे पोळे शाबूत राहते. आग्याचा मध काढणे हे निराळेच काम. रात्री, अंधाऱ्या पंधरवड्यात, ओल्या पाल्याची धुरी देऊन, दोराने वर चढून पोळ्याचा मधाचा भाग तेवढा कापतात. अंड्यांचा भाग राखला तर वसाहत टिकायची शक्यता असते. काणकोण, केपे, सांगे या तालुक्यांतील डोंगरांत वेळीप, कुणबी, गावडा समाजांतील माणसांकडे हे कौशल्य आहे. या समाजांना २००३ साली अनुसूचित जमातींचा दर्जा मिळाला, आणि २००६ च्या वनहक्क कायद्यात मध व मेण ही गौण वनोपजे म्हणून नावानिशी नोंदली आहेत. मेणाचे महत्त्व एके काळी मधाइतकेच होते. पायाच्या दुखण्याला मेणाचा पाय, हाताला हात, असे नवस चर्चमध्ये वाहिले जातात. आता ते मेण बहुतेक पॅराफिनचे असते.

एक वर्षाखालील मुलाला मध चाटवू नये. त्यात असू शकणाऱ्या जंतूंच्या बीजाणूंमुळे तान्ह्या मुलांना बोट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. बाळाला घुटीत मध देण्याची चाल जुनी आहे, पण ती सोडलेली बरी.

धोके. १९९१-९२ मध्ये दक्षिण भारतात पसरलेल्या थाई सॅकब्रूड या विषाणुरोगाने सातेरीच्या वसाहतींची अपरिमित हानी केली. अळी पिशवीसारखी पाण्याने फुगून मरते; औषध नाही, तग धरलेल्या वसाहतींपासून पुढची वाढ करणे एवढाच मार्ग. गोव्यात त्याहून सावकाश चाललेले नुकसान जागेचे आहे. सडा म्हणजे पडीक जमीन अशी सरकारदरबारची समजूत असल्याने खाण, वसाहत, कारखाना यांसाठी पहिला हात त्यावरच पडतो. २०२२ च्या डिसेंबरात उद्घाटन झालेला पेडणे तालुक्यातील विमानतळही मोपाच्या सड्यावरच उभा आहे. मार्च २०२३ मध्ये म्हादई अभयारण्यासह अनेक डोंगरांना वणवे लागले, तेव्हा जांभूळ आणि अंजनीच्या बहराचे दिवस होते, आणि आग्याची पोळी भरत आली होती.